उलटं दार

जेवणाच्या सुट्टीत ऑफिस रिकामं होतं. एसीची घरघर तेवढी उरली होती. मी डबा न उघडताच सर्व्हरच्या नोंदी चाळत बसलो होतो. दादा गेल्यापासून माझा डबा भरलेलाच घरी जायचा. वहिनी तो मुकाट्याने रिकामा करून घासायची. ती स्वतःही घास चिवडून ताटावरून उठायची. तिची हाडं वर आली होती आणि तिला खायला कसं घालावं, ते मला सुचत नव्हतं. रडू मात्र दोघांनाही येत नव्हतं.

नोंदींमध्ये एक कनेक्शन पुन्हापुन्हा नाकारलं गेलेलं दिसलं. पोर्ट ३४८३५.

हा आकडा मला तोंडपाठ होता. सी भाषेत लिहिलेला आमचा प्रोग्राम पोर्ट ५००० वर, म्हणजे मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकतो. पोर्टचा आकडा दोन बाइटांत मावतो. आपलं मशीन लहान बाइट आधी ठेवतं, नेटवर्कला मोठा आधी लागतो. म्हणून पाठवण्यापूर्वी बाइट उलटवून घ्यायचे, नाहीतर ५००० चे ३४८३५ होतात आणि माणूस भलत्याच दारावर थापा मारत बसतो. दादा हे हटकून विसरायचा. शेजारच्या टेबलावरून मी ओरडायचो, "दादा, परत उलटे बूट घालून निघालास!"

थापा मारणाऱ्याचा आयपी पत्ता दादाच्या मशीनचा होता. नेटवर्क सांभाळणाऱ्या जाड्याला मी विचारलं.

"ते मशीन? मीच काढून नेलं ना," तो म्हणाला. "तो पत्ता अजून कुणाला दिला नाहीये. मन धजत नाही रे."

मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. मुद्दाम बाइट उलटवले नाहीत. त्या चुकीच्या दारामागे जाऊन बसलो. लगेच कुणीतरी जोडलं गेलं.

*जेवलास का?*

दादा रोज या वेळेला हेच विचारायचा. मला भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. मी "हो" लिहिलं.

*थापाड्या. आणि ती?*

"नाही जेवत. दादा, बाइट उलटव आधी," मी सवयीने लिहून गेलो. कनेक्शन तुटलं.

दुसऱ्या दिवशी उलट्या दारावर कुणी आलं नाही. ५००० वर आलं. बिनचूक.

*जमलं. आता घरचा पत्ता दे.*

घरचा आयपी सारखा बदलतो. दादाचा लॅपटॉप तिथे चालूच असतो, वहिनी तो बंद करू देत नाही.

माझी बोटं थांबली. दादा जन्मात कधी एका सांगण्यात सुधारला नव्हता.

मग हे कोण?

पण वहिनीचं वाळलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी पत्ता लिहिला.

संध्याकाळी तिनेच दार उघडलं. चेहऱ्यावर तरतरी होती.

"वहिनी, जेवलीस?"

"पोटभर, भावजी. तुमचं झाकून ठेवलंय."

ओट्यावर दोन ताटं घासून उपडी घातली होती. दोन्ही अजून ओली होती.