रूपलीबाईंचा राजीनामा

"मी राजीनामा दिलाच नाही!" रूपलीबाईंनी मोबाईल चारुलताच्या टेबलावर आपटला.

रूपलीबाई आश्रमशाळेत स्वयंपाकी. त्यांच्या एकटीच्या पगारावर घर चालायचं. कर्मचाऱ्यांचं नवं सॉफ्टवेअर काल सकाळीच सुरू झालं होतं. लोकांना ते वापरायला जमतं का, हे तपासायला चारुलता तळोद्यातल्या या सरकारी कार्यालयात आली होती. आणि कालच सकाळी रूपलीबाईंच्या नावानं राजीनामा गेला.

चाचणीत व्यत्यय नको म्हणून रूपलीबाईंसकट सगळ्यांचे मोबाईल चारुलतानंच बाहेर टोपलीत ठेवायला लावले होते. राजीनाम्यासाठी लागणारा ओटीपी तिथंच आला.

"आज चोर दाखवा," कार्यालयाचे प्रमुख नवलसिंग साहेब तिच्यावर कडाडले. "नाहीतर राजीनामा खरा धरीन, आणि तक्रार तुमच्यावर!"

टोपलीपाशी जाणारे दोघंच. प्रशिक्षक योगेंद्र आणि कर्मचाऱ्यांच्या नोंदी सांभाळणारे आस्थापनेचे कारकून उमाकांत.

"काल सकाळी कुठं होतास?" तिनं योगेंद्रला विचारलं.

"तुमच्या शेजारी बसून लोकांच्या शिव्या खात होतो. चाचणीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग पाहा."

सकाळभर तो त्यात दिसत होताच. मग तिनं काल दुपारचं रेकॉर्डिंगही लावलं. लॉगिनचं बटण न सापडलेले उमाकांत माउस हवेत धरून बसले होते. जन्मतारखेपाशी तर प्रत्येकाचं घोडं अडलं होतं. कॅलेंडर आजच्या महिन्यावर उघडायचं आणि माणसं बाण दाबत एकेक महिना मागं जायची. वरच्या सालावर टिचकी मारायचं एकालाच सुचलं होतं.

तिनं सगळ्यांना साहेबांच्या खोलीत बोलावलं.

"उमाकांतभाऊ, चाचणीआधी हे सॉफ्टवेअर उघडलं होतंत?"

"हात बी लाया नही! माले कम्प्युटर येस का? त्या योगेंद्रले इचारा."

"मग दुपारी सालावर थेट टिचकी कशी मारलीत?"

उमाकांतांनी योगेंद्रकडे पाहिलं.

"कोनी तरी दखाडं व्हई," ते पुटपुटले. "योगेंद्रनीच."

"मी दाखवलं असतं तर बाकीचे अडले असते का?" योगेंद्र खवळला.

"राजीनाम्याच्या पानावरही जन्मतारीख लागते, साहेब," चारुलता म्हणाली. "यांनी सकाळी टोपलीतल्या मोबाईलवर ओटीपी पाहिला आणि राजीनामा भरला. तारखेपाशी हेही अडले असणार, पण तिथंच युक्ती कळली. दुपारी अडाण्याचं सोंग आणलं. सोपं ते चुकवलं, पण जिथं सगळे खरोखर अडतात तिथं सोंग करायचं यांना सुचलंच नाही."

"मन्ही भाची घर बशेल शे," उमाकांत ओरडले. "हाई जागा तिले भेटती!"

"आणि माझी पोरं काय खातील रे?" रूपलीबाई त्यांच्या अंगावर धावून गेल्या. चारुलतानं त्यांना आवरलं, पण मनातून तिलाही उमाकांतांच्या कानाखाली वाजवायची होती.

नवलसिंगांनी राजीनामा रद्द केला आणि कीबोर्ड उमाकांतकडे सरकवला.

"कबुली टाईप करा. येत नाही म्हणू नका."

उमाकांतांची दहाही बोटं भराभर चालू लागली. शेवटची ओळ होईपर्यंत रूपलीबाई त्यांच्या खुर्चीमागून हलल्या नाहीत.