त्यांच्या वाटचं पाणी

दातिवऱ्याला आम्ही दोनच दिवस राहायला गेलो होतो. लग्नाला चार महिने झाले होते आणि बोईसरच्या कारखान्यातून मला पहिल्यांदाच जोडून सुट्टी मिळाली होती. भाग्यश्रीला किल्ले, बुरूज बघायची आवड. ती बी. ए. झालेली. मी नववीत शाळा सोडली आणि पॅकिंगला लागलो. वैतरणेच्या मुखाशी मराठ्यांची फिरंग्यांशी लढाई झाली, ते ती वाटभर सांगत होती आणि मी मान हलवत होतो. मला ऐकायला आवडतं. बोलायचं म्हटलं की घशात काहीतरी अडकतं.

हिराकाकींच्या वाडीत खोली घेतली होती. पुढे चिकूची झाडं, मागे विहीर आणि विहिरीपलीकडून येणारा खाडीचा वास. दुसऱ्या दिवशी जेवून आम्ही त्या लढाईतला खाडीकाठचा बुरूज बघायला निघालो, तेव्हा काकींनी विहिरीचं पाणी भरून दोन बाटल्या आणल्या.

"ही तुमची. ही त्यांची. त्यांच्यातला घोट घ्यायचा नाय."

"त्यांची म्हणजे कोणाची?" भाग्यश्रीने विचारलं.

"लढाईत पडले त्यांची. जखमी होऊन दोन दिवस पडून होते म्हणतात. चहूकडं पाणी, पण सगळं खारं. आमच्या घरातून बुरुजाकडं जाणारा गोडं पाणी घेऊन जातो. आत खड्डा हाय, त्यात वततो." मग माझ्याकडे बघून हसल्या. "जावईबापू, ऐकलंत ना? का तुमच्या वाटचं पण हीच ऐकते?"

"बोलायचंही मीच बोलते, काकी," भाग्यश्री म्हणाली. मी मान खाली घालून चपला चढवल्या.

ऊन कडक होतं. बांधावर सावली नव्हती. आमची बाटली अर्ध्या वाटेतच संपली. बुरुजाचं आता फारसं काही उरलेलं नाही. काळ्या दगडांची एक गोल भिंत, आत वाढलेली झुडपं आणि मधोमध तडकलेल्या मातीचा खड्डा. वारा असूनही आत हवा हलत नव्हती. भाग्यश्री फोटो काढायला भिंतीच्या पलीकडे गेली. मी दगडाला टेकून बसलो. जीभ टाळ्याला चिकटली होती आणि ती दुसरी बाटली माझ्या मांडीवर होती.

एक घोट, म्हटलं. बाटली तोंडावरून खाली आली तेव्हा रिकामी होती.

सांगून टाकायचं होतं. ती हसली असती, घरी जाऊन काकींना सांगून आणखी हसली असती. एवढ्याला मी घाबरलो. खाली खाडीत उतरलो, ओहोटीच्या पाण्यात बाटली बुडवली आणि झाकण घट्ट लावून परत येऊन बसलो.

ती आल्यावर मी बाटली तिच्या हातात दिली. "तू ओत. तुझ्या हातून बरं."

मला स्वतः ओतायचा धीर होत नव्हता, हे खरं कारण. तिने चपला काढल्या, खड्ड्यापाशी वाकून सगळं पाणी हळूहळू ओतलं आणि हात जोडले. पाणी तड्यांमधून खाली गेलं.

आणि खालून ठसका लागल्याचा आवाज आला. अगदी माणसाचा. एक... मग दुसऱ्या बाजूने आणखी एक...

"ऐकलंस?" ती पुटपुटली.

"कबुतर असेल," मी म्हणालो.

घरी आल्या आल्या तिने तांब्या तोंडाला लावला आणि थुंकली. "खारट आहे."

मी चव घेतली. पाणी गोड होतं. काकींनी शहाळं फोडून दिलं. तिने एक घोट घेतला आणि रडकुंडीला आली. "हेपण खारट आहे हो, काकी."

दिवेलागणीपर्यंत तिचे ओठ फुटले. ओठांच्या कडेला पांढरी रेघ आली होती, सुकलेल्या मिठासारखी. आतल्या खोलीत पडून ती एकच शब्द म्हणत होती, "पाणी..." आवाज घोगरा झाला होता. मला तो तिचा वाटत नव्हता.

काकी मला ओटीवर घेऊन आल्या. "बाटलीत काय होतं?"

मी सांगितलं. प्यायलो ते, आणि भरलं तेही.

"वतलं कोणी?"

"तिने."

 काकींनी विहिरीवरून कळशी भरून आणली. "त्यांनी तिचा हात बघितलाय. तुमाला ते वळखत नाय. भरती यायच्या आत जा. प्यायलात तुमी, आता द्या पण तुमी. आणि तोंडानं सांगा, मी प्यायलो, तिचा दोष नाय. मोठ्यानं सांगा."

बांधावरून मी जवळजवळ पळतच गेलो. उजेड संपत आला होता. बुरुजात चिखलाचा आणि ओल्या लोखंडासारखा वास होता, दुपारी तो नव्हता. मी कळशी तिरपी केली.

घोटांचा आवाज यायला लागला. घाईघाईचे, एकमेकांवर पडणारे घोट. कळशी रिकामी झाली आणि सगळं थांबलं. वाराही. कोणीतरी श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत असावं, तसं वाटलं.

मी तोंड उघडलं. मी... एवढं मनात आलं. आवाज फुटला नाही. पुन्हा प्रयत्न केला. खड्ड्यातली माती जरा हलली आणि मी कळशी टाकून पळालो.

भाग्यश्री शांत झोपली होती. ओठ मऊ झाले होते. काकींनी विचारलं, "सांगितलंत ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

याला आता आठ महिने झाले. भाग्यश्री बरी आहे, सगळं पूर्वीसारखं करते. फक्त तिला पाणी पिताना मी अजून पाहिलेलं नाही. जेवताना पेला पुढे केला की म्हणते, "आत्ताच प्यायले." सांगून टाकावं म्हणून मी रोज तिच्यासमोर बसतो आणि रोज उठतो.

काल मात्र ठरवूनच कामावरून आलो. ती उंबऱ्यावर बसली होती. मी तिच्यापुढे उकिडवा बसलो. "भाग्यश्री, त्या दिवशी बुरुजात..."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तळवा गार होता, ओला, आणि माझ्या ओठांना खारट लागला. "मला नको सांगूस, त्यांना सांग," ती म्हणाली. तिच्या ओठांवरून पाण्याचा थेंब हनुवटीवर ओघळला.

मी आत जाऊन हंड्याचं झाकण उचललं. सकाळी भरून गेलो होतो, तसा तो काठोकाठ होता.