ठिपक्यांना एक पातळी वाढवून

चौतीस वर्षं लोकांना ‘आ करा’ म्हणता म्हणता डॉक्टर शकुंतला बोरकुटे यांचाच जबडा दुखायला लागला होता. निवृत्तीनंतर तरी सुटका होईल असं त्यांना वाटलं होतं. पण गेला महिनाभर त्या जिल्ह्याच्या दंतनिदान प्रयोगशाळेत बसून दातांचे फोटोच बघत होत्या. एकूण चार हजार जुने फोटो, आणि प्रत्येकातल्या किडीला पातळी नव्याने द्यायची. चूक स्वतःची असली की निस्तरावीही स्वतःलाच लागते, आणि या वयात ते फार जड जातं.

आज समोरच्या खुर्चीत अकरा वर्षांची सुगंधा आत्राम बसली होती. तिच्या गावातल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड फार, त्यामुळे पुढच्या दोन्ही दातांवर तपकिरी ठिपके पडलेले. तिच्या डोक्यावर दंतपारखी यंत्र टांगलेलं होतं. ते दाताचा फोटो घेऊन किडीला शून्य ते सहा अशी पातळी देई, आणि पातळी तीन झाली की त्याचा कोरहात तिथल्या तिथे दात कोरून भरून टाकी. मागच्या महिन्यात त्याने सुगंधाला तीन दिली, तेव्हा बाईंनी तज्ज्ञ परीक्षक म्हणून आपला अधिकार वापरून त्याला थांबवलं होतं.

“आता तुमच्या नव्या पातळ्यांवर शिकलेली आवृत्ती आहे, मॅडम,” निशिकांत वैरागडे म्हणाला. दंतपारखीला शिकवायचं काम त्याच्याकडे होतं. “पण खरं सांगा, ठिपकेवाल्या दातांना तुम्ही एक पातळी वाढवून का द्यायचात?”

“शिबिर वर्षातून एकदा व्हायचं. दोनची कीड असली तर नुसतं लक्ष ठेवायचं असतं. पण त्या गावांत लक्ष ठेवणार कोण? पोर पुन्हा दिसायचंच नाही. तीन लिहिलं की तेव्हाच भरून मिळायचं, म्हणून तीन लिहायची.”

“आणि यंत्र तुमच्याच नोंदींवर शिकलं. त्याला शिबिर कळत नाही, गाव कळत नाही. ठिपका दिसला की एक वाढवायची, एवढंच ते शिकलं.”

आता यंत्राची गाडी दर महिन्याला गावात जात होती. लक्ष ठेवायला कुणीतरी होतं, तरी वाचण्याजोगे दात कोरले जात होते. बाईंना स्वतःच्या दयेची लाज वाटायची.

“पोरी, आ कर.”

“मले दुखत नाही, बाई,” सुगंधा म्हणाली आणि तिने आ केला.

पडद्यावर आकडा आला. तीन.

निशिकांतने घाईघाईने नोंदी उघडल्या. एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

“काय झालं?”

“तुमच्या नव्या पातळ्या यंत्रापर्यंत पोचल्याच नाहीत. मध्ये सातत्यचाचणी आहे. ज्याच्या पातळ्या प्रमाण मानलेल्या नोंदींशी नव्वद टक्के जुळत नाहीत, तो परीक्षक आपोआप बाद होतो. तुमच्या एकसष्ट टक्के जुळल्या.”

“प्रमाण कोणाचं?”

“तुमचंच. जुनं.”

त्याने शेरा वाचून दाखवला: परीक्षक थकलेला असावा, विश्रांती द्यावी. बाईंना हसू आलं. यंत्राचं एवढं एक निदान मात्र अचूक होतं.

“थांबव त्याला.”

“थांबवण्याचा अधिकार परीक्षकालाच असतो, मॅडम. बाद झालात, तेव्हा तोही गेला. वर अर्ज करायचा तर प्रमाण-परीक्षकाची सही लागते.”

“म्हणजे माझी.”

“बाद होण्याआधीची.”

कोरहात खाली येऊ लागला. बाईंनी सुगंधाच्या हनुवटीखाली हात धरला. “तोंड मिट, पोरी. घट्ट.”

सुगंधाने ओठ आवळले. कोरहात तिच्या नाकापासून वीतभर अंतरावर थांबला. “कृपया आ करा,” यंत्र म्हणालं. आवाज ओळखीचा होता. शिकवताना प्रयोगशाळेने तोही बाईंचाच वापरला होता.

बाईंनी तिला खुर्चीतून उतरवलं आणि हाताला धरून बाहेर आणलं. बाकांवर सुगंधाच्याच गावची, नव्या आवृत्तीच्या तपासणीसाठी आणलेली एकोणचाळीस माणसं बसली होती. ओळखीच्या डॉक्टरीण बाई दिसताच सगळ्यांनी सवयीने आ केला.

“मिटा,” बाई थकलेल्या आवाजात म्हणाल्या. “तोंडं मिटा आणि घरी जा.”