नाव पुकारल्याशिवाय

"सारखं आपलं पडद्याआड येऊन उभं ऱ्हायचं. ना आत, ना भायेर. काय म्हणावं ह्या सवयीला."

कमलबाई बैठकीत पोहे चाळता चाळता पुटपुटल्या. शेजारीच त्यांची सून शिवकन्या शेंगदाण्याची टरफलं काढत बसली होती. तिला वाटलं, सासूबाई तिच्या लेकीला, अर्पिताला बोलतायत. पोरीला मोबाईल घेऊन दारात थबकायची सवय होतीच.

पण अर्पिता गच्चीवर होती. केस वाळवत.

आणि पडद्याआड...

पडद्याआड कोणीच नव्हतं.

ही घडलेली गोष्ट आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी कळंबला जावं, शिवकन्येच्या हातचा चहा प्यावा आणि तिलाच विचारावं. ती कधी खोटं बोलत नाही असं नाही. लग्नाची पोर घरात असली की आईला थोडंफार बोलावंच लागतं. पण हे सांगताना ती आवाज खाली घेते आणि त्या दाराकडं पाठ करून बसत नाही. दाराला पडदाही लावत नाही आता. कोणी विचारलं तर म्हणते, धुवायला काढलाय.

दोन वर्षं झाली, पडदा धुवायलाच आहे.

आणि हे रात्री घडलेलं नाही. अमावास्या नव्हती, पिंपळ नव्हता. मार्गशीर्षातला रविवार होता, भर दुपार होती आणि घरात पोह्यांची फोडणी चरचरत होती. भुतानं यावं अशी ती वेळच नव्हती.

घर साधं. पुढं बैठकीची खोली, मग स्वैपाकघर, मागं एक अंधारी खोली. बैठक आणि आतलं घर यांच्या मधल्या दाराला निळा पडदा.

मागच्या खोलीत तारामती राहायच्या. कमलबाईंची सख्खी थोरली बहीण, म्हणजे शिवकन्येची मावससासू. त्या दसऱ्यानंतर चार दिवसांनी गेल्या. झोपेतच गेल्या. कोणाला हाक मारली नाही.

मारायची सवयच राहिली नव्हती त्यांना.

बाहेर सांगायचं ठरलेलं होतं, मावशी मुंबईला नर्स होत्या. गल्लीतल्या बाया बिचाऱ्या खरं मानून यायच्या. मावशी मनगट धरायच्या, डोळे मिटायच्या, बराच वेळ काही बोलायच्या नाहीत. मग सांगायच्या, "मीठ कमी करा." बाया बऱ्या व्हायच्या. नर्सचं काम इतकं छान खऱ्या नर्सनंही केलं नसतं.

कारण मावशी नर्स नव्हत्याच. मावशी नटी होत्या.

मूळच्या येरमाळ्याच्या. येडेश्वरीच्या जत्रेत नाटक कंपनी आली होती. ती गेली तेव्हा ही पोरगी पण तिच्याबरोबर गेली. मराठी नाटकं केली. कंपनी कर्नाटकात शिरली तेव्हा कानडी शिकली आणि कानडीत रडून दाखवायला लागली. मग हैदराबाद, तिथं उर्दू आणि तेलुगू. पुढं मुंबईच्या एका हाटेलात कॅबरे. टिकल्यांचा झगा, उंच टाचांचे सँडल, मागं गोव्याचा बँड. कोकणी गाणी, इंग्रजी गाणी. बँडवाल्यानं नाव ठेवलं मिस स्टेला.

हे सगळं फक्त शिवकन्येला ठाऊक. दुपारी डोक्याला तेल लावून घेताना मावशी सांगायच्या.

"सहा भाषांत गायले गं शिवे. टाळ्या बी सहाही भाषांत झाल्या. पण जेवलीस का, असं एकीतबी कुणी इचारलं न्हाय."

आणि मग हसायच्या. त्यांना स्वतःवर हसायची सवय होती. बायकांना ती फार उशिरा लागते, आणि लागली की सुटत नाही.

त्यांचा एक नियम होता. बँड थांबणार, दिवे बारीक होणार, माईकवरून माणूस नाव पुकारणार. मग पाऊल टाकायचं.

"एकदा तो मेला पुकारायचाच इसरला. म्या तशीच विंगेत उभी. पायाला गोळे आले, पर गेले न्हाय. नाव न पुकारता गेलं ना शिवे, तर लोक बघत्यात, ही कोण आन् कशाला आली. तसलं बघणं लई वंगाळ."

"मग?"

"मग काय. त्याला आठवंस्तोवर उभी ऱ्हायले."

अशाच त्या एकदा कमलबाईंच्या लग्नात उभ्या राहिल्या होत्या. मुंबईहून बसनं आल्या, साधी साडी नेसून. मांडवाच्या कडेला हळद लागलेल्या कमळीनं बघितलं आणि म्हणाली, "हितंच थांब आक्का. बोलावते."

कमळीनं बोलावलं नाही. तिलाही काय म्हणावं, सासरची माणसं समोर होती.

म्हातारपणी मात्र तीच आक्काला घरी घेऊन आली. फक्त पाहुणे आले की म्हणायची, "आत बस जरा, आक्का."

आक्का आत बसायची. मग पावडर लावायची. पेटीतले सँडल काढून घालायची.

टक... टक... टक...

शहाबादी फरशीवरून आवाज पडद्यापर्यंत यायचा आणि थांबायचा. बैठकीत सोयाबीनचा भाव चाललेला असायचा. शिवकन्या खाली बघायची. पडद्याखालून सँडलची दोन टोकं दिसायची. पॉलिश केलेली.

बराच वेळ दिसायची.

मग आवाज मागं जायचा.

चार वर्षं असं चाललं. कोणी कधी नाव पुकारलं नाही.

मावशी गेल्या. चौदावा झाला आणि कमलबाईंनी पेटी उपसली. झगे, गळ्यातलं खोटं मोत्यांचं, सगळं गठ्ठा बांधून बोहारणीला दिलं. सँडलही त्यातच ढकलले. बोहारणीनं झगा उलटासुलटा करून बघितला, काही विचारलं नाही, आणि एक स्टीलचा डबा दिला. झाकण घट्ट बसणारा.

त्याच आठवड्यात शिवकन्या दुपारी एकटी भाकरी थापत होती.

टक...

तिचा हात थांबला.

टक... टक...

मागच्या खोलीतून. सावकाश. ओळखीचा आवाज. तिच्या पाठीमागून गेला आणि पडद्यापाशी थांबला.

तिनं वळून बघितलं. फरशी मोकळी होती. पण पडदा मधोमध जरासा फुगला होता. कोणी त्याला आतून हात लावून उभं राहावं तसा...

तव्यावरची भाकरी जळाली.

पुढं रोजच सुरू झालं. शिवकन्येचे मालक बलभीम टीव्हीचा आवाज वाढवायला लागले. अर्पिता कानातून इअरफोन काढेना. कमलबाई पुटपुटायला लागल्या. घरात चार माणसं, चौघांनाही ऐकू येत होतं, आणि चौघंही एकमेकांना विचारत होती, नळाला पाणी आलं का?

एकदा घरात कोणी नसताना शिवकन्या धीर करून बैठकीत पडद्यासमोर उभी राहिली. हळूच म्हणाली, "मिस स्टेला... या."

पडदा हलला नाही.

थोड्या वेळानं आवाज मागं गेला. टक... टक... जास्तच सावकाश.

मग तिच्या लक्षात आलं. रिकाम्या खोलीत कोण येणार? पुकारायचं ते माणसांसमोर पुकारायचं.

आणि माणसांसमोर पुकारणं म्हणजे अर्पिताच्या लग्नावर पाणी. आधीचं एक स्थळ असंच गेलं होतं. कोणीतरी त्यांच्या कानात काही सांगितलं, ते पुन्हा फिरकले नाहीत. आता सोनारीच्या प्रेमचं स्थळ. तो कॉलेजात अर्पिताच्या पुढं दोन वर्षं होता. दोघांचं आधीच ठरलेलं, घरच्यांनी फक्त हो म्हणायचं बाकी. त्याच्या आईनं, गजराबाईंनी, फोनवर एवढंच विचारलं होतं, "घराणं नीट हाय ना? बाकी आमाला काय नको."

बलभीम म्हणाले होते, "एकदम नीट."

तर तो रविवार.

पाहुणे आले. गजराबाई, त्यांचे मालक आणि प्रेम. पोहे झाले. स्टीलच्या डब्यातला चिवडा झाला. अर्पिता चहाचा ट्रे घेऊन आली आणि तेवढ्यात लाईट गेली.

पंखा गरगरत थांबला.

घर एकदम शांत झालं. आणि त्या शांततेत...

टक.

बलभीमांनी खाकरून घेतलं. "औंदा थंडी कमीच हाय, न्हाय का?"

टक... टक...

"आत कोण हाय?" गजराबाईंनी विचारलं.

"कुणी न्हाय. मांजर असल."

गजराबाईंनी बशीतला चहा फुंकला. "मांजराच्या पायात सँडल हायत व्हय?"

बलभीमांनी चिवड्याची बशी पुढं सरकवली.

टक... टक... टक...

पडद्यापाशी येऊन आवाज थांबला.

शिवकन्येनं खाली बघितलं. पडद्याखाली फरशी स्वच्छ दिसत होती. टोकं नव्हती. काहीच नव्हतं. पण खोलीत पावडरचा वास पसरत होता, तोच, गुलाबाचा...

अर्पितानं उरलेल्या कपांचा ट्रे घट्ट धरला. तिनं आईकडं बघितलं. त्या नजरेत एकच होतं, नको गं आई, आज नको.

शिवकन्येच्या ओठांवर नाव आलेलं होतं. तिनं ते गिळलं. ती आई होती.

"तुमच्या मावशी गेल्या म्हणं औंदा," गजराबाई भिंती बघत म्हणाल्या. "नर्स व्हत्या ना? फोटू न्हाय लावला त्यांचा?"

बलभीमांनी भिंतीकडं बघितलं, जणू फोटो आत्ताच कोणी काढून नेलाय. "लावायचाय. फ्रेम करायला टाकलाय."

पडदा फुगला.

इतका, की दांडीवरच्या रिंगा वाजल्या.

प्रेमनं खुर्ची जराशी मागं घेतली. त्याचे वडील दाराबाहेर चपला कुठं काढल्यात ते बघायला लागले. बाहेरून भंगारवाल्याची गाडी ओरडत गेली.

आत उभं असलेलं मागं जात नव्हतं. आज जातच नव्हतं.

आणि कमलबाई उठल्या.

गुडघ्यावर हात टेकवून उठल्या. अर्पिताच्या हातातला ट्रे घेतला, खाली ठेवला, तिच्या गालावरून एकदा हात फिरवला. डोक्यावरचा पदर सारखा केला. बहात्तर वर्षांची बाई, कधी चार माणसांपुढं उभी राहून बोललेली नाही. पडद्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली, तोंड पाहुण्यांकडं केलं.

"आत्याबाई..." शिवकन्या सासूला म्हणाली.

"गप."

त्यांनी घसा खाकरला. इतकी वर्षं दुपारी मावशींच्या खोलीत तेल लावणं चालायचं तेव्हा त्या झोपलेल्या नसायच्या, सगळं ऐकत असायच्या, हे शिवकन्येला त्या क्षणी कळलं.

"नर्स न्हवती ती," कमलबाई गजराबाईंकडं बघून म्हणाल्या. "आमी खोटं सांगितलं. तुमाला पटंल न पटंल. पोरीचा त्यात काय दोष न्हाय."

मग त्यांनी हात वर केला. कुठं बघितलं होतं त्यांनी, देव जाणे. पण बरोबर केला, उघड्या तळव्याचा, पडद्याकडं.

"मंडळी... नाटकवाली. हाटेलात कॅबरे करणारी. सहा भाषांत गाणारी. माझी सख्खी थोरली बहीण. येरमाळ्याची तारामती... मिस इस्टेला."

आवाज फाटला. तरी त्या थांबल्या नाहीत.

"भायेर ये, आक्का."