चौथ्याची जागा

तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, निघायचंच असेल तर चौथा म्हणून एक दगड बरोबर घ्यावा, ही इरावतीच्या माहेरची पद्धत. परत आल्यावर दगड जिथून उचलला तिथे नेऊन ठेवायचा. लग्नानंतर आम्ही पुण्याहून परदेशात, हाउन्सलोला आलो, तिला चांगली नोकरी लागली, पण ही पद्धत काही सुटली नाही. त्यावरून मी तिला बारा वर्षं चिडवत होतो. मी विमानतळाजवळच्या एका गोदामात मालाची मोजदाद तपासतो. आलेले नग आणि गेलेले नग जुळले पाहिजेत, एवढंच माझं शास्त्र.

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेच्या जोडून आलेल्या सुट्टीत तंबू, गॅसची शेगडी आणि पोह्यांचा डबा गाडीत भरून आम्ही वेल्सच्या किनाऱ्याकडे निघालो. इरावतीने मागच्या अंगणातून मुठीएवढा करडा दगड आणला. आमच्या आठ वर्षांच्या मायराने त्यावर निळ्या स्केचपेनने दोन डोळे काढले, त्याचं नाव नील ठेवलं आणि मागच्या सीटवर आपल्या शेजारी त्याला पट्टा लावून बसवलं. वाटेत मोटरवेवरच्या थांब्यावर, सर्व्हिसेसला थांबलो तेव्हा तिने माझा हात धरला. हात नेहमीसारखाच गार होता. मायराचे हात जन्मापासून गार, अगदी हीटवेव्हमध्येसुद्धा. डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं होतं. इरावती जाता-येता ते चोळून गरम करायची आणि मायरा मुद्दाम ते आईच्या मानेला लावायची.

कार्डिफ मागे पडल्यावर अर्ध्या तासात केनफिगच्या वाळूच्या टेकड्या आल्या. त्यांच्या पायथ्याशी एका शेतात तंबूची जागा मिळाली. या वाळूखाली फार जुनं गाव गाडलं गेलं आहे, असं तिथल्या पाटीवर लिहिलं होतं. इरावतीने ती पाटी दोनदा वाचली. मी तोवर तंबू उभा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर विटकरी धुळीचा थर होता. सहारातून धूळ येतेय, दुपारी जोराचा वारा सुटेल, असा इशारा फोनवर आला होता. हवा तापलेली आणि अगदी पडलेली. मी शेगडीवर पोहे केले. मायराने चार बश्या मांडल्या.

"बाबा, नीलला पण दे ना. ही इज हंग्री."

आदल्या दिवसापासून हेच चाललं होतं. नीलला पांघरूण, नीलला पाणी, नील झोपला म्हणून हळू बोला. उकाड्याने माझं डोकं आधीच तापलं होतं. मी तो दगड उचलला आणि टेकड्यांकडे लांब भिरकावून दिला.

"आपण तिघं आलो, तिघंच जाणार," मी म्हणालो.

मायरा रडली नाही. तो कुठे पडला तेवढं तिने नीट पाहून ठेवलं.

इरावतीने शेगडी बंद केली. मग म्हणाली, "आपण त्याला बरोबर घेऊन आलो होतो, उदय. आणलेल्याला असं टाकत नाहीत." मी हसलो आणि तिला पोहे गार होतायत म्हणून सांगितलं. ते हसू मला आता रोज आठवतं.

अकराच्या सुमारास समुद्राकडचं आकाश तांब्याच्या रंगाचं झालं. पक्षी बोलायचे थांबले. मग वारा आला तो चुलीच्या तोंडाशी बसल्यासारखा, आणि त्याच्याबरोबर वाळू. शेजारचे दोन तंबू आधीच निघून गेले होते. आम्ही दोघं आमचा तंबू कसाबसा गुंडाळून गाडीत कोंबत होतो. बश्या विसळायला नळावर गेलेली मायरा अजून आली नव्हती. मी धावत गेलो. नळ सुरू होता. त्याखाली चार बश्या एकावर एक नीट रचून ठेवल्या होत्या.

ती कुठे गेली हे आम्हा दोघांनाही विचारावं लागलं नाही.

तंबूच्या दोऱ्या एकमेकींना बांधून मी एक टोक गाडीला अडकवलं, दुसरं मनगटाला गुंडाळलं. इरावतीला म्हटलं, हॉर्न वाजवत राहा. आणि टेकड्यांमध्ये शिरलो. चार पावलांवर गाडी दिसेनाशी झाली. दातांखाली वाळू करकरत होती, डोळे उघडले की आग होत होती. मी मायराला हाका मारत होतो. हॉर्न एकदा उजवीकडून ऐकू येई, एकदा डावीकडून.

दोरी संपत आली तेव्हा एका लहान हाताने माझा हात धरला.

"बाबा."

मी तिला छातीशी ओढलं. देवाचं नाव घेतलं, जे मी कधी घेत नाही.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने आणखी एका लहान हाताने माझं मनगट धरलं.

"बाबा, मी."

आवाज तोच. उंची तीच. डोळे उघडून पाहिलं तर फक्त तांबडं.

दोरी धरायला एक हात मोकळा हवा होता. ती मनगटावरून सुटत चालली होती. दोघांना घेऊन जाणं शक्य नव्हतं, आणि आम्ही तिघंच आलो होतो.

एक हात उबदार होता. दुसरा दगडासारखा गार.

मी गार हात झटकला.

तो लगेच सुटला नाही. एकेक बोट सोडवावं लागलं.

गाडीत बसल्यावर इरावतीने मायराला इतकं घट्ट धरलं की मला गाडी सुरू करायचं सुचेना. मग आम्ही निघालो. मोटरवेवर वीसेक मैल गेल्यावर धूळ एकदम विरली. स्वच्छ ऊन, हिरवी कुरणं, मेंढ्या. सर्व्हिसेसला थांबून मी चिप्स आणले. मायरा मागच्या सीटवर बसली होती. केसांत वाळू, गुडघ्यावर कालच मी लावलेली पट्टी, गालावरची खळी. सगळं जागच्या जागी. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

इरावती तिच्या शेजारी बसली. सवयीने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, चोळायला लागली, आणि थांबली.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढच्या सीटवरून मागे वळून त्या हाताला हात लावला. उन्हात पडलेल्या दगडासारखा तो एकसारखा तापलेला होता. चार वर्षं मी मायराचा गार हात धरून तिला शाळेत सोडत होतो.

मी फोन काढला आणि तसाच धरून बसलो. पोलिसांना काय सांगणार होतो? मुलगी हरवली म्हणून? ती तर समोर बसून चिप्स खात होती.

तिने आपले चिप्स संपवत आणले. मग सहा चिप्स बाजूला काढून टिश्यूवर ठेवले. टिश्यू शेजारच्या रिकाम्या सीटवर मांडला आणि त्यावरून नीट पट्टा लावला.

"हे मायराचे," ती म्हणाली.