थांबलेली घरघर

"पाचच्या आत पुस्तक प्रकाशकाकडे पोचलं नाही, तर सहा वर्षं पाण्यात!" अनुवादिका खोलीभर येरझाऱ्या घालत म्हणाली. "आणि हिनंच ते पुसलंय."

'हिनं' म्हणजे नणंदेनं. ती दाराशी भरलेल्या बॅगेवर तोंड फिरवून बसली होती. वहिनीनं तिला घराबाहेर व्हायला सांगितलं होतं.

दोन वाजून गेले होते. मास्तरांचा डोळा घड्याळावरून हटेना. निवृत्त झाल्यापासून ते खासगी गुप्तहेर असलेल्या बाईंच्या तपासात हौसेनं लुडबुडत. आताही पुढे सरसावले आणि तळपायाला काहीतरी टोचलं. बारीकसा स्क्रू! तो टेबलावर ठेवून ते पुन्हा घड्याळ बघू लागले.

संगणकाच्या काळ्या पडद्यावर एकच ओळ होती : सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

"एरवी काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

"दोन नावं. संगणक चालवणाऱ्या दोन प्रणाल्यांची; वरची माझी, खालची हिची. हवी ती निवडायची."

"आत डिस्क किती?"

"दोन. जुनी छोटी रिकामीच आहे, नुसती घरघरते. तीन वर्षांपूर्वी मोठी घेतली, तेव्हा हिनंच दोन्ही प्रणाल्या तिच्यावर चढवल्या. पुस्तकही तिच्यावरच."

"दुसरी प्रत?"

"करायची म्हणत राहिले."

बाई नणंदेकडे वळल्या. "काल भांडलात?"

"कडाक्याचं. पण माझंही सगळं काम त्याच मोठ्या डिस्कवर आहे हो. ती पुसून मी काय मिळवणार?"

इतक्यात अनुवादिकेचा नवरा पाणी घेऊन आला. त्याच्या अंगठ्याला ताजी पट्टी होती.

"मला यातलं ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "कालपासून या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. त्या आवाजानं हिचं डोकं उठायचं, ते तरी आज सकाळपासून थांबलं."

"व्हायरस!" मास्तर ओरडले.

"मास्तर, कान उघडा." बाईंनी संगणक बंद करून पुन्हा चालू केला. "काय ऐकू येतं?"

"पंखा."

"आणि घरघर? पुसलेली डिस्कसुद्धा फिरते. जुनी फिरत नाही, कारण ती आत नाहीच. तुमच्या पायाला टोचला तो संगणकाच्या पेटीच्या झाकणाचा स्क्रू." बाई नवऱ्याकडे वळल्या. "पत्र्यानं अंगठा कापला ना? आणि खोलीत न येता घरघर सकाळीच थांबल्याचं तुम्हाला कळलं कसं?"

नवऱ्यानं खिशातून डिस्क काढली. "रिकामी आहे, असं हीच म्हणायची. सकाळी हिची डोकेदुखी जावी म्हणून काढली. मग रडारड झाली, आणि माझी जीभच उचलेना."

"रिकामी नव्हती. मोठीवर प्रणाल्या चढवताना यंत्रानं सुरू व्हायला लागणाऱ्या फायली जुनीवरच ठेवल्या; त्यांची जागा आधीपासून तिथे होती. नव्या घराची किल्ली जुन्या कोनाड्यात राहावी, तसं. पुस्तक जिथल्या तिथे आहे."

डिस्क परत बसवली. घरघर सुरू झाली आणि पडद्यावर दोन नावं उमटली. अनुवादिकेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता या फायली मोठ्या डिस्कवरही करून घ्या," बाई म्हणाल्या.

"ते हिलाच येतं," अनुवादिका पुटपुटली.

पुस्तक तीनच्या आत गेलं. पाठवल्याबरोबर अनुवादिका उठली आणि तिनं बॅगेला हात घातला. "माझं चुकलं गं. ही आत नेऊ दे."

नणंदेनं बॅगेचा पट्टा सोडला नाही. "वहिनी, तुला माहीत नव्हतं. दादाला माहीत होतं. मी कपडे भरत होते, तेव्हा तो दारातच उभा होता."

नवरा खाली मान घालून काहीतरी बोलला. घरघरीत ते कुणालाच ऐकू आलं नाही.

"मोठ्यानं, दादा," ती म्हणाली.