नावानं हाक

शिरोळची एसटी फलाटाला लागायच्या आधीच संयोगितानं खिडकीतून रुमाल आत टाकला होता. कोल्हापूरच्या स्टँडवर असा टाकलेला रुमाल हा नुसता रुमाल नसतो, तो त्या सीटचा सातबारा असतो. पण ती धक्के खात आत पोचली, तर तिच्या जागेवर एक उंच, चष्मेवाला तरुण बसलेला. आणि रुमाल त्याच्या हातात, नीट घडी घालून!

"तुमचा पडलाय वाटतं," तो म्हणाला.

"पडला नाही, टाकलाय. जागा धरायला. उठा."

"असं व्हय..." म्हणाला खरा, पण तसूभर हलला नाही.

"ओ पावणं! ऐकू येतंय की न्हाय?"

अर्धी गाडी वळून बघायला लागली तेव्हा कुठे तो उठला. तिला खिडकी दिली आणि शेजारी बसला. गाडी सुटली, बाहेर पावसाची झड सुरू झाली. मग तो हळूच म्हणाला, "आमच्या गडहिंग्लजातबी रुमालच टाकतात ओ. पण उचलला नसता तर तुम्ही बोलला असता काय?"

संयोगितानं झटक्यात तोंड खिडकीकडे फिरवलं. हसू लपवायला दुसरी जागाच नव्हती.

खरी गंमत पुढेच झाली. दोघं एकाच गावाला उतरले, एकाच चिखलातून चालले आणि एकाच दारात येऊन थांबले. धोंडुबाईच्या. महापुरात सापडलेल्या बायकांच्या आठवणींचं एक पुस्तक निघणार होतं. धोंडुबाई सांगणार, संयोगिता ते इंग्रजीत नेणार, आणि कन्नडमध्ये नेणारा कुणी विरूपाक्ष म्हणून आहे, एवढंच तिला माहीत होतं.

"तो मीच," तो म्हणाला.

"विरूपाक्ष! एवढं लांबलचक नाव कोण घेत बसणार? पावणंच बरं."

"बघू की. घ्याल कधीतरी," तो म्हणाला. आणि तिच्या छातीत उगाचच काहीतरी लकाकून गेलं.

मग पावसाळाभर ते जात राहिले. धोंडुबाई चुलीपुढं बसून सांगायची. नदीकाठच्या मळीच्या रानाबद्दल, म्हशीबद्दल आणि नवऱ्याबद्दल. तो पुरात गेला होता. पण त्याचं नाव काही तिच्या तोंडून निघायचं नाही. 'त्येनी' म्हणायची, 'आमचं मालक' म्हणायची, 'गुंडूचं बा' म्हणायची. हाक मारल्याची आठवण सांगताना नुसतंच 'अवं'. त्याचं नाव पिराजी आहे, हे शेवटी तिच्या गुंडूनं सांगितलं.

"तुमचं बरंय," परतताना संयोगिता कुरकुरायची. "कन्नडला काही अडत नाही."

"कसं अडेल? आमची आई बाबांना नुसतं 'रीऽ' म्हणते. तुमचं 'अवं' तसंच्या तसं आमच्या घरात राहायला येतं. तुझ्या इंग्रजीत त्याला जागा न्हाई, त्याला मी काय करू?"

तो केव्हाच 'तू'वर आला होता. ती मात्र 'तुम्ही'वरच राहिली.

"'लिसन' लिहिलं तर धोंडुबाई शाळेतली मास्तरीण वाटते. 'डिअर' लिहिलं तर—"

"डिअर!" तो एवढ्यानं हसला की कंडक्टरनं मागं वळून बघितलं. "धोंडुबाईनं मालकाला डिअर म्हटलं तर मालक घाबरून शेतावर पळतील."

इंग्रजी पुस्तकाच्या दिल्लीतल्या संपादकबाईंना असला खल मान्य नव्हता. वाचकाला कळलं पाहिजे, सरळ नाव घाला, असं त्यांनी फोनवर सांगितलं. संयोगितानं घातलं. पहिल्या पानापासून पिराजी आला, पिराजी गेला, पिराजी जेवला. काम सोपं झालं. मनाला कुठंतरी टोचत होतं, पण तिनं दुर्लक्ष केलं.

श्रावणात एका संध्याकाळी ते रंकाळ्याच्या कठड्यावर बसले होते. उन्हापावसाचा खेळ चालला होता. एकच छत्री, तीही त्याची, आणि ती सगळी तिच्याकडं कललेली.

"धारवाडला कॉलेजात नोकरी मिळाली," तो म्हणाला. "आणि... घरात मुली बघायला लागलेत."

तिच्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

"तू एकदा सांग. फक्त सांग. बाकी आईला, बाबांना, तुझ्या आबांना, सगळ्यांना मी बोलतो."

तिला हो म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं! पण डोळ्यांपुढं थोरली बहीण उभी राहिली. अनुजानं जातीबाहेर लग्न केलं, तेव्हापासून आबांनी तिचं नाव टाकलं. जेवताना ते अजून तिच्या पाटाकडं बघतात आणि ताट सारून उठतात. आता आबांना उरलेली ही एकच लेक.

"बघू की, पावणं..." ती म्हणाली.

छत्रीखाली त्याचा अर्धा खांदा भिजत होता. त्यानं पुन्हा विचारलं नाही. मारून मुटकून उत्तर घेणारा माणूसच नव्हता तो.

धोंडुबाईच्या कहाणीचा शेवट अजून मिळाला नव्हता. पुरातून सोडवायला आलेल्या बोटीपाशी गोष्ट आली की म्हातारी गप्प व्हायची. भाद्रपदात संयोगिता एकटीच गेली, तेव्हा धोंडुबाईनं विचारलं, "आज पावणं कुठं हाय?"

"धारवाडला जाणार आहेत. रविवारी."

धोंडुबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. चुलीतलं लाकूड पुढं सारलं. आणि न विचारताच सांगायला लागली.

"बोट आली. त्येनी म्हस सोडायला मागं गेलं. बोटवाला म्हनला, थांबता न्हाई यायचं. म्या उभी ऱ्हाऊन वराडले, अवंऽ, अवंऽ! पर बोटीत समद्या बायकाच. समद्यांची मानसं मागं. समद्याच अवं अवं करून वराडत्यात. पानी घोंगावतंय. त्येस्नी काय कळनार गं, ह्यातलं आपलं अवं कंचं?"

"मग?"

"मग नाव घेतलं की! लगीन झाल्यापास्नं पैल्यांदा. वराडले... पिराजीऽ!" नाव घेताना म्हातारीनं आत्ताही पदर तोंडावर घेतला. "लगीच वळलं बग. पानी छातीला आल्तं. माज्याकडं बगितलं, लाजल्यावानी. हात वर केला. तेवढंच. बोट लांब गेल्ती."

चुलीवर चहा उतू गेला. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"आदी घेतलं असतं तर आदी वळलं असतं," धोंडुबाई म्हणाली. "म्हशीच्या दाव्याला हात घालायच्या आदी."

संयोगिता घरी आली ती थेट कामालाच बसली. पहिल्या पानापासून एकेक पिराजी काढून टाकला. जे नाव घ्यायला त्या बाईचा जन्म गेला, ते आपण पहिल्याच पानावर वाटून टाकलं होतं! आता नाव एकाच ठिकाणी राहिलं, बोटीत. बाकी सगळीकडं 'अवं', मराठीतलंच, तसंच्या तसं. इंग्रजीला परवडो न परवडो.

संपादकबाई भडकल्या. दोन दिवस फोनवर नुसतं रणकंदन चाललं. "वाचक अडखळला तर अडखळू दे," संयोगिता म्हणाली, "ती जन्मभर अडखळली." त्यातच मध्ये विरूपाक्षचा फोन आला. "कामात आहे, नंतर लावते," असं म्हणून तिनं ठेवून दिला. अखेर बाईंनी हार मानली. संयोगिता जिंकली, आणि आता काय ते रविवारी समोरासमोरच बोलायचं, असं तिनं ठरवलं. आबांनाही सांगायचं. जे व्हायचं ते होऊ दे.

रविवारी रंकाळ्यापाशी रस्ता तुंबला होता. ती स्टँडवर पोचली तेव्हा धारवाडची गाडी फलाटावरून मागं सरत होती. खिडकीत तो चष्मा दिसला.

"पावणंऽ! ओ पावणंऽ!"

निम्मा स्टँड वळला. फेटेवाले वळले, पिशव्यावाले वळले, कोल्हापुरात कोण पावणा नसतो? एक तोच तेवढा वळला नाही. ड्रायव्हरनं गिअर टाकला.

तिनं पोटातून आवाज काढला.

"विरूपाक्षऽ!"

तो ताडकन उठला. कंडक्टरशी काहीतरी बोलून, बॅग तशीच टाकून खाली उतरला. समोर आला, पण जरा अंतर ठेवूनच थांबला. डोळे भरलेले.

"घेतलंस शेवटी," तो म्हणाला.

"घेतलं."

"परवा सुपारी फुटली, लग्न ठरलं, संयोगिता." त्यानं मान खाली घातली. "त्याआधी तुला फोन लावला होता. म्हटलं, शेवटचं विचारावं..."

तिला सगळं आठवलं. कामात आहे. नंतर लावते. एका बाईच्या 'अवं'साठी ती दिल्लीशी भांडत होती, तेव्हा तिच्या स्वतःच्या दारात बोट येऊन थांबली होती.

"मोडता..." ती बोलायला गेली आणि थांबली. सुपारी फुटलेल्या त्या कुणा मुलीचंही घर असणार. आबांसारखा बापही असणार.

"न्हाई मोडता येणार," तो अगदी हळू म्हणाला.

"ती... नाव घेणार नाही ना तुमचं?"

"आमच्यात न्हाई घेत. तुला माहीत हाय."

"मग मी घेते." ती हसायला गेली आणि रडली. "मला आता कोण अडवणार? विरूपाक्ष."

"पुन्हा एकदा घे."

तिनं घेतलं. अगदी हळू, त्यालाच ऐकू जाईल इतकं. कंडक्टरनं घंटी मारली. "अवो चला की सायेब! गाडी काय तुमच्या घरची हाय व्हय?" तो मागं मागं चालत दारापर्यंत गेला. गाडी फाटकाबाहेर वळताना खिडकीतून एक हात वर आला. तेवढंच.

ती घरी आली तेव्हा आबा पुढच्या सोप्यावर पेपर वाचत होते. तिचं तोंड बघून त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

"काय झालं गं? कोण भेटलं?"

संयोगिता उंबऱ्यात क्षणभर थांबली. नाव जिभेवर होतं, ताजं, पुरतं तिच्या मालकीचं. पण ते आता घराघरांत वाटायचं नव्हतं.

"कोणी नाही आबा," ती म्हणाली. "पावणं आल्तं. गेलं."

आणि पायावर पाणी घ्यायला ती मोरीकडं वळली.